विश्लेषण : फ्लॅश ठणठणीत, बॅटरी मात्र ‘बाद’! बंद मॉडेलची बॅटरी मिळणार कुठे?

तुळशीचे लग्न लागले की पनवेलमधील फोटो स्टुडिओंचे कॅलेंडर भरू लागते. प्री-वेडिंग धरणाच्या काठावर किंवा फार्महाऊसवर, हळद सोसायटीच्या गच्चीत आणि वरात रस्त्यावर. यातील अनेक ठिकाणी हाताशी प्लग पॉइंट नसतो. सगळी भिस्त बॅटरीवर चालणाऱ्या फ्लॅश आणि एलईडी लाइटवर. नीट वापरलेला फ्लॅश अनेक वर्षे टिकतो, पण लिथियम-आयन बॅटरी साधारण ३०० ते ५०० वेळा चार्ज झाली की तिची क्षमता मूळच्या ८० टक्क्यांच्या आसपास येते. तोवर कंपनीने मॉडेल बंद केले असेल तर महागडे उपकरण एका बॅटरीपायी अडून बसते. असे का होते, सुरक्षित पर्याय कोणते आणि कायदा कुठवर मदत करतो, हे समजून घेऊ.

बॅटरी मिळेनाशी का होते?

प्रत्येक कंपनी आपल्या फ्लॅशसाठी बॅटरीचा आकार, खाच आणि व्होल्टेज स्वतःच ठरवते. नवी आवृत्ती आली की हे सगळे बदलू शकते. लग्नाच्या फोटोग्राफीत भरपूर वापरल्या जाणाऱ्या गोडॉक्स कंपनीचे उदाहरण घ्या. एडी६०० या फ्लॅशची डब्ल्यूबी८७ बॅटरी ११.१ व्होल्टची, तर पुढच्या एडी६०० प्रोची डब्ल्यूबी२६ थेट २८.८ व्होल्टची. व्ही८६० मालिकेत दुसऱ्या आवृत्तीला ११.१ व्होल्टची व्हीबी१८ लागते, तिसऱ्या आवृत्तीला ७.२ व्होल्टची व्हीबी२६. नावात साम्य असले तरी जुन्या फ्लॅशला नवी बॅटरी बसत नाही.

कधी कधी कंपनीच उरत नाही. १९२३ मध्ये सुरू झालेली ब्रिटनची बॉवेन्स ही स्टुडिओ लाइटची कंपनी २०१७ मध्ये बंद पडली. सॉफ्टबॉक्स बसवण्याची तिची ‘एस माउंट’ पद्धत इतर कंपन्यांनी उचलली आणि ती आजही सर्रास चालते. तिच्या ‘ट्रॅव्हलपॅक’ या बॅटरी पॅकला मात्र असा वारस मिळाला नाही. माउंट अनेकांनी स्वीकारले म्हणून टिकले. बॅटरी एकाच कंपनीची राहिली म्हणून कंपनीबरोबर गेली.

तेवढ्याच व्होल्टची दुसरी बॅटरी चालणार नाही का?

बहुतेक पॅकच्या आत साधे लिथियम सेल असतात. त्यातला परिचित सेल म्हणजे १८६५०, म्हणजे १८ मिलिमीटर व्यासाचा आणि ६५ मिलिमीटर लांबीचा. एका सेलचे व्होल्टेज ३.६ ते ३.७. तीन सेल एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट होतात. इथपर्यंत गणित सोपे आहे. खरी अडचण करंटची आहे.

एडी६०० पूर्ण ताकदीने उडाला की ६०० वॉट-सेकंद ऊर्जा खर्च होते आणि सुमारे अडीच सेकंदांत ती पुन्हा भरली जाते. म्हणजे सरासरी २४० वॉट. ११.१ व्होल्टवर हा करंट सुमारे २२ अँपिअर होतो, आणि वाया जाणारी ऊर्जा धरली तर त्याहून जास्त. पॉवर बँकेतले सेल इतका करंट देण्यासाठी बनवलेले नसतात. ते लावले तर व्होल्टेज कोसळते, फ्लॅश उशिरा तयार होतो आणि सेल तापतात. शिवाय पॅकमध्ये जादा चार्ज, जादा डिस्चार्ज आणि शॉर्ट सर्किट रोखणारे सर्किट असते. काही पॅकमधील जादा पिन फ्लॅशला बॅटरीची माहितीही देतात. म्हणून ‘व्होल्ट जुळले, लावून टाका’ हा हिशेब चुकतो.

मग पर्याय कोणते?

पहिला पर्याय म्हणजे दुसऱ्या कंपनीने त्याच मॉडेलसाठी बनवलेली बॅटरी. फ्लॅशच्या नावापेक्षा जुन्या बॅटरीवरचा क्रमांक टाकून शोध घ्यावा. भारतात लिथियम सेल आणि बॅटऱ्यांना भारतीय मानक ब्युरोच्या आयएस १६०४६ मानकानुसार नोंदणी आवश्यक आहे. लेबलवरचा ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक ‘बीआयएस केअर’ अ‍ॅपवर तपासता येतो. क्षमतेच्या दाव्यांकडेही लक्ष द्या. चांगल्या १८६५० सेलची क्षमता ३,५०० एमएएचच्या आसपास असते. एकाच सेलवर ९,९०० एमएएच छापलेले दिसले तर तो दावा खोटा आहे.

दुसरा पर्याय, जुन्या खोक्यात नवे सेल बसवून घेणे. यासाठी मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात चौकशी करता येते. जाण्याआधी तीन प्रश्न तयार ठेवा. सेल किती अँपिअर सतत देऊ शकतो? सगळे सेल एकाच कंपनीचे, एकाच बॅचचे आहेत का? जोडणी स्पॉट वेल्डिंगने होणार की सोल्डरिंगने? सेलवर थेट सोल्डरिंग केल्यास उष्णतेने आतून इजा होऊ शकते. हे काम घरी करू नये. फ्लॅश उघडण्याचा मोह तर कटाक्षाने टाळावा, कारण त्यातील कॅपॅसिटरमध्ये स्विच बंद केल्यावरही ३०० व्होल्टच्या घरात विद्युतभार राहू शकतो.

तिसरा पर्याय, जुना फ्लॅश स्टुडिओपुरता ठेवणे. काही मॉडेलना बॅटरीच्या जागी बसणारा एसी अडॅप्टर मिळतो. पासपोर्ट फोटो आणि प्रॉडक्ट शूटसाठी तेवढे पुरते.

परदेशातून मागवायला काय हरकत?

सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्या प्रवासी विमानातून मालवाहतुकीने पाठवण्यास १ एप्रिल २०१६ पासून आंतरराष्ट्रीय बंदी आहे. मालवाहू विमानातून त्या नेताना चार्ज ३० टक्क्यांपेक्षा जास्त नसावा लागतो. त्यामुळे अनेक परदेशी विक्रेते एकटी बॅटरी पाठवायला तयार नसतात.

स्वतः विमानाने जातानाही नियम आहेत. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली, त्यामुळे पनवेलकर फोटोग्राफरना ते माहीत हवेत. सुटी बॅटरी केबिन बॅगेतच न्यायची. १०० वॉट-तासांपर्यंत एरवी परवानगी लागत नाही. १०० ते १६० पर्यंत विमान कंपनीची मंजुरी लागते. वॉट-तास काढायला व्होल्टला अँपिअर-तासांनी गुणायचे. ८,७०० एमएएचची डब्ल्यूबी८७ ९६.५७ वॉट-तासांची, म्हणजे मर्यादेच्या किंचित आत. पॅकमध्ये मोठे सेल भरून घेतले तर ती मर्यादा ओलांडेल.

कायदा काय म्हणतो?

केंद्रीय ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’साठी समिती नेमली आणि २४ डिसेंबर २०२२ रोजी त्याचे पोर्टल सुरू झाले. शेती अवजारे, मोबाइल-इलेक्ट्रॉनिक्स, घरगुती उपकरणे आणि वाहने ही त्याची चार क्षेत्रे. मोबाइल आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी दुरुस्तीयोग्यता निर्देशांक सुचवणाऱ्या समितीचा अहवाल मे २०२५ मध्ये सादर झाला. व्यावसायिक फोटोग्राफीचे लाइट या चर्चेच्या कडेलाच राहिले आहेत.

युरोपीय संघाने एक पाऊल पुढे टाकले आहे. त्याच्या २०२३ च्या बॅटरी नियमानुसार १८ फेब्रुवारी २०२७ पासून, काही अपवाद वगळता, उपकरणातील बॅटरी ग्राहकाला स्वतः बदलता आली पाहिजे. मॉडेलचा शेवटचा नग बाजारात आल्यानंतर किमान पाच वर्षे तिची बॅटरी वाजवी दरात मिळायला हवी.

फुगलेल्या जुन्या बॅटरीचे काय करायचे?

ती टोचू नका, चार्ज करू नका आणि घंटागाडीतही टाकू नका. बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम, २०२२ नुसार ती इतर कचऱ्यापासून वेगळी ठेवून अधिकृत संकलनाकडे देणे ही ग्राहकाची जबाबदारी आहे. परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकाची. चांगल्या बॅटऱ्या पावसाळ्यात, काम कमी असताना, अर्ध्या चार्जवर आणि थंड जागी ठेवाव्यात. पूर्ण रिकामी होऊन महिनोन्‌महिने पडलेली बॅटरी अनेकदा कायमची जाते.

नवा लाइट घेताना काय पाहाल?

ज्या बॅटरीची रचना अनेक कंपन्या वापरतात, तिला पसंती द्या. सोनीच्या हँडीकॅमसाठी आलेली एनपी-एफ बॅटरी ते कॅमेरे मागे पडल्यावरही मिळते, कारण असंख्य एलईडी लाइट तिच्यावर चालतात. मोठ्या फ्लॅशमध्ये असा समान आकार नाही, म्हणून सुटी बॅटरी फ्लॅशबरोबरच घेऊन ठेवणे शहाणपणाचे. हे मॉडेल बंद झाल्यावर बॅटरी किती वर्षे मिळेल, हेही विक्रेत्याला विचारा. युरोपातील ग्राहकासाठी कंपनीला बॅटरी शिल्लक ठेवावीच लागणार असेल, तर पनवेलच्या ग्राहकाने ती मागण्यात गैर काहीच नाही.