वाण कोणी निवडावे?

सोलापूर-मंगळवेढ्याच्या काळ्या रानात रब्बी ज्वारी वाढते ती बहुतांशी जमिनीत मुरलेल्या ओलीवर. या ओलीचा अंदाज घेत शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या मालदांडी सांभाळली. १९३० च्या दशकात मोहोळच्या संशोधन केंद्रावर तिच्यातूनच ‘मालदांडी ३५-१’ हे वाण निवडण्यात आले. त्यानंतर अनेक सुधारित वाणे आली. तरीही दुष्काळी पट्ट्याने मालदांडी सोडलेली नाही.

याला अडाणीपणा म्हणणे सोपे आहे. वस्तुतः हा चोख आर्थिक हिशेब आहे. शेतकऱ्याला केवळ दाण्याचे क्विंटल मोजून भागत नाही. जनावरे जगवणारा कडबा हवा, भाकरी चवदार हवी. शिवाय चांगल्या वर्षी किती पिकले यापेक्षा वाईट वर्षी काय हाती लागले, यावर त्याचा संसार तरतो. संशोधन केंद्राच्या ओलिताच्या, खतावलेल्या रानात सरस ठरलेले वाण कोरडवाहू रानात सरस ठरेलच असे नाही. तरीही निवड तिथे होते आणि जोखीम इथे उचलावी लागते. खरा दोष या विभागणीत आहे.

तो अटळ मात्र नाही. सीरियात सालवातोरे चेक्कारेल्ली या संशोधकाने व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात जवाच्या वाणांची निवड शेतकऱ्यांच्याच रानात, त्यांच्याच हातून करविली. शेतकऱ्यांची पारख संशोधकांहून उणी नाही, असे तेथे दिसून आले.

विज्ञानाला रजा द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. संकर करणे, रोगप्रतिकारशक्ती तपासणे ही संशोधकांचीच कामे आहेत. आमची मागणी एवढीच की, वाण प्रसारित झाल्यावर प्रात्यक्षिकाला बोलावण्याऐवजी निवडीच्या प्रारंभापासूनच कोरडवाहू शेतकऱ्याला सोबत घ्यावे. बियाणे राखणाऱ्या आणि भाकरी थापणाऱ्या स्त्रियांचे मत त्यात नोंदले जावे.

आणि हक्काचे काय? २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला स्वतः विकसित केलेल्या वाणाची नोंदणी करण्याचा अधिकार दिला आहे. संयुक्तपणे घडविलेल्या वाणातही त्याचे नाव आणि लाभातील वाटा आधीच लेखी ठरला पाहिजे. अन्यथा ‘सहभाग’ म्हणजे फुकटचे रान आणि फुकटची मजुरी एवढाच अर्थ उरेल.

दुष्काळ ज्याच्या पदरी येतो, निवडीचा अधिकार त्याच्या हाती असावा. शिवारातल्या लोकशाहीची ही किमान अट आहे.