डॉक्टर की दंतवैद्य? आधी जमाखर्च मांडा

सोयाबीनवरील किडीच्या सर्वेक्षणाला गेलो असता एका शेतकऱ्याने बांधावरच गाठले. "साहेब, पोरीचं एमबीबीएस थोडक्यात हुकतंय, सरकारी कॉलेजात दाताचं मिळतंय. खाजगी मेडिकलला घालायचं तर दोन एकर काढावं लागंल. काय करू?" नीटचा निकाल लागून प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की हा प्रश्न अनेक घरांत असतो.

दोन्हींची परीक्षा एकच. एमबीबीएस साडेचार वर्षे, बीडीएस चार वर्षे. वर एकेक वर्ष आंतरवासिता. फरक पडतो तो पुढे. एमबीबीएस झालेल्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी होता येते. सपाट भागात 30 हजार व डोंगरी-आदिवासी भागात 20 हजार लोकसंख्येमागे असे एक केंद्र, हा निकष आहे. दंतवैद्याची जागा मात्र साधारणपणे ग्रामीण रुग्णालयापासून वर, तीही मोजकी. म्हणजे बहुतेकांना स्वतःचा दवाखाना थाटावा लागतो. खुर्ची, कॉम्प्रेसर, एक्स-रे हे भांडवल आधीच धरले पाहिजे. उलट एमबीबीएसवर आज भागत नाही. एमडी, एमएससाठी पुन्हा परीक्षा, पुन्हा तीन वर्षे.

दाताचा डॉक्टर म्हणजे कमी प्रतीचा, हा समज मात्र सोडावा. तंबाखू-मिश्रीने आपल्या गावांत तोंडाचे रोग किती, हे आपण बघतोच. तोंडाच्या कर्करोगाची खूण अनेकदा प्रथम दंतवैद्यालाच दिसते.

आता खाजगी दंत महाविद्यालयांचे पाहू. फेब्रुवारी 2021 मध्ये बीडीएसच्या सुमारे 7 हजार जागा रिकाम्या होत्या. सर्वोच्च न्यायालयाने पात्रतेची अट 10 पर्सेंटाइलने खाली आणायला लावली आणि खाजगी संस्थांनी फी कमी करण्याचा विचार करावा, असेही सांगितले. ज्या मालाला गिऱ्हाईक कमी, तो चढ्या भावाने का घ्यावा? 'जागा संपत आली' म्हणणाऱ्या दलालाला एक पैसाही देऊ नका.

मुलींसाठी 2024-25 पासून मोठी सवलत आहे. कुटुंबाचे उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, मुलगी इतर मागासवर्ग, आर्थिक दुर्बल किंवा सामाजिक व शैक्षणिक मागास प्रवर्गातील असेल आणि प्रवेश शासनाच्या केंद्रीय फेरीतून झाला असेल, तर शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ. व्यवस्थापन कोट्याला व अभिमत विद्यापीठांना ही सवलत नाही. अल्पभूधारकांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ताही आहे. यासाठी उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमिलेअर, जात पडताळणी ही कागदे वेळेत हवीत. गावच्या कर्मचाऱ्यांनी या दिवसांत दाखल्याचे काम उद्यावर टाकू नये. एका दाखल्यापायी पोरीची सवलत जाते.

माझे मत असे. सरकारी मेडिकल मिळाले तर प्रश्नच नाही. ते हुकले आणि पोरीला दाताच्या कामाची आवड असेल, तर सरकारी दंत महाविद्यालय आनंदाने घ्यावे. आवड नसेल तर एक वर्ष पुन्हा परीक्षा द्यावी, पण एकच. जमीन विकून मात्र कोणतीच जागा घेऊ नये. त्या शेतकऱ्यालाही हेच सांगितले. "दादा, बियाणं निवडताना आधी रान बघता ना? इथंही पोरीचा कल बघा, मग लागवडीचा खर्च मांडा. आणि आधी तिलाच विचारा."