पाच मजल्यांचे घर आणि परक्याचे भांडवल

इंडोनेशिया म्हटले की भारतीय पर्यटकाच्या डोळ्यांसमोर प्रथम बाली उभे राहते. तेथील समुद्र, देवळे आणि भातखाचरे पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या मनात एक विचार हमखास डोकावतो : येथेच कोठेतरी, गर्दीपासून दूर, डोंगरात एखादा जमिनीचा तुकडा घेऊन ठेवावा. भारतातील महानगरांच्या दरांशी तुलना करता भाव किरकोळ वाटतो, हवा थंड असते, माणसे हसतमुख असतात. निवृत्तीनंतरचे घर, पर्यटकांना भाड्याने देता येतील अशा चार खोल्या, मुलांसाठी एक मालमत्ता असे मनोरथ तेथूनच सुरू होतात.

स्वप्न पाहण्यात गैर काही नाही. मात्र भांडवल गुंतवणाऱ्याने 'जमीन स्वस्त आहे का' या प्रश्नाआधी 'ती विकाऊ आहे का' हा प्रश्न विचारला पाहिजे. या दोन प्रश्नांमधील अंतर किती मोठे आहे, हे इंडोनेशियातील एका दुर्गम डोंगरी गावाच्या उदाहरणावरून फार चांगले समजते. फ्लोरेस बेटावरील वाए रेबो हे ते गाव.

धुक्यातले गाव

बालीहून पूर्वेला विमानाने सुमारे तासाभराच्या अंतरावर फ्लोरेस बेटाचे पश्चिम टोक, लाबुआन बाजो, लागते. कोमोडो द्वीपसमूहातील महाकाय सरडे पाहण्यासाठी जगभरातील पर्यटक येथे उतरतात. तेथून मोटारीने काही तास वळणावळणाच्या रस्त्याने देंगे या गावापर्यंत जायचे आणि पुढे दाट जंगलातून पायी चढायचे. समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून अधिक उंचीवर, चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेल्या हिरव्या पठारावर सात शंकूच्या आकाराची घरे दिसू लागतात. तेच वाए रेबो. येथील लोक मांगाराई समाजाचे असून आपला मूळपुरुष सुमात्रातील मिनांगकाबाउ प्रदेशातून आला, असे ते सांगतात.

पाहुण्याने गावात शिरताच छायाचित्रे काढू नयेत, असा येथील रिवाज आहे. प्रथम त्याला मुख्य घरात नेले जाते. तेथे गावातील वडीलधारा मनुष्य पूर्वजांना पाहुण्याच्या आगमनाची वर्दी देतो, त्याच्या सुखरूपतेची प्रार्थना करतो आणि मगच पाहुणा गावाचा होतो. बँकेत नव्या ग्राहकाचे खाते उघडताना ओळख पटवून घेतात, तसाच हा प्रकार आहे. फरक इतकाच की येथे ओळख कागदावर पटत नाही. ती समोर बसून करून द्यावी लागते.

घर हीच बँक

या घरांना 'म्बारू नियांग' म्हणतात. लाकूड आणि बांबूचा सांगाडा, वेताची बांधणी आणि थेट जमिनीपर्यंत उतरणारे गवताचे छप्पर. एका घरात अनेक कुटुंबे नांदतात. परंतु अर्थशास्त्राच्या दृष्टीने पाहावी अशी गोष्ट आत आहे. घर पाच मजल्यांचे असते. तळमजला, लुतूर, हा राहण्याचा. त्यावरील लोबो हा अन्नधान्य व सामान ठेवण्याचा. तिसरा, लेंतार, पुढील पेरणीच्या बियाण्यांसाठी. चौथा, लेम्पा राए, पीक बुडाल्यास उपयोगी पडावा अशा धान्यसाठ्यासाठी. आणि शिखरावरील पाचवा, हेकांग कोदे, पूर्वजांना अर्पण करावयाच्या नैवेद्यासाठी.

चालू खर्च, नजीकची गरज, उत्पादक भांडवल, संकटकाळचा राखीव निधी आणि ज्याला हात लावायचा नाही असा पवित्र भाग अशी ही विभागणी आहे. आपल्याकडे एखाद्या कुटुंबाने संपत्तीचे इतके स्वच्छ वर्गीकरण केले, तर कोणताही बँक अधिकारी त्याचे कौतुकच करील. कणगीतले बियाणे खाऊ नये, ही शिकवण भारतीय शेतकऱ्यालाही नवी नाही. परंतु वाए रेबोत ती शिकवण घराच्या रचनेतच बांधून टाकली आहे. बियाण्यापर्यंत पोहोचण्यासाठी एक शिडी अधिक चढावी लागते, आणि ती चढताना माणसाला विचार करायला वेळ मिळतो.

अशा गावाला 'मागासलेले' म्हणून पैसा घेऊन जाणाऱ्याने हे आधी ध्यानात घ्यावे की, संचयाचे शास्त्र तेथे त्याच्या आगमनापूर्वीपासून नांदत आहे.

जमीन कोणाची?

मांगाराई समाजातील सामाईक शेतजमिनीला 'लिंगको' म्हणतात. तिची परंपरागत वाटणी मध्यबिंदूपासून बाहेरच्या दिशेने, कोळ्याच्या जाळ्याप्रमाणे केली जाते. मध्याशी अरुंद आणि काठाशी रुंद अशा पाचरी कुटुंबांच्या वाट्याला येतात. रुतेंग शहराजवळील चांचार येथील टेकडीवरून ही जाळीदार भातशेते आजही पाहता येतात. या वाटणीसाठी समाजाने नेमलेला प्रमुख असतो आणि ती विधीपूर्वक होते. सारांश, जमिनीचा प्रत्येक तुकडा एका मध्यबिंदूशी, म्हणजे समाजाशी, बांधलेला असतो. त्यातील एखादी पाचर परक्याने विकत घ्यायची म्हणजे जाळ्यातील एक धागा तोडायचा.

केवळ रूढीच नव्हे, देशाचा कायदाही येथे स्पष्ट आहे. इंडोनेशियाच्या १९६० च्या मूलभूत कृषी कायद्यानुसार जमिनीची पूर्ण मालकी, 'हाक मिलिक', व्यक्ती म्हणून केवळ इंडोनेशियन नागरिकालाच मिळू शकते. (मराठीतील 'हक्क' आणि 'मालक' ज्या अरबी मुळांतून आले, त्याच मुळांतून हे दोन शब्द आले आहेत.) याच कायद्याच्या २६ व्या कलमानुसार, परकीयाकडे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्षपणे मालकी जावी अशा हेतूने केलेला व्यवहार मुळातच रद्दबातल ठरतो, जमीन शासनाकडे जाते आणि दिलेले पैसे परत मागता येत नाहीत.

हे शेवटचे वाक्य प्रत्येक इच्छुक गुंतवणूकदाराने दोनदा वाचावे. कारण व्यवहारात जो मार्ग सुचवला जातो तो नेमका हाच असतो : जमीन एखाद्या स्थानिक नागरिकाच्या नावावर घ्यायची, पैसे परक्याने द्यायचे आणि दोघांमध्ये एक खासगी करारनामा करून ठेवायचा. भारतातील ग्राहकाला 'बेनामी' हा शब्द अपरिचित नाही. जो व्यवहार स्वदेशात करण्यास तो धजणार नाही, तो परदेशात, परक्या भाषेतील कागदावर विसंबून करणे याला धाडस म्हणता येणार नाही. तो अविचार आहे.

कायदेशीर मार्ग नाहीत असे नाही. निवासाचा परवाना असलेल्या परकीयाला 'हाक पाकाइ', म्हणजे वापराचा हक्क, ठरावीक मुदतीसाठी मिळू शकतो. परकीय भांडवलाची कंपनी स्थापन करता येते; परंतु तिच्यासाठी जमीन व इमारती वगळून १० अब्ज इंडोनेशियन रुपियांहून अधिक, म्हणजे ढोबळमानाने पाच कोटी भारतीय रुपयांच्या वर, गुंतवणुकीची अट आहे. डोंगरातील चार खोल्यांच्या स्वप्नाला हे वस्त्र फारच मोठे होते.

भारतीय बाजूचे नियमही विसरता येणार नाहीत. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली निवासी व्यक्तीला एका आर्थिक वर्षात अडीच लाख अमेरिकी डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यातून स्थावर मालमत्ताही घेता येते. परंतु भारतातून रक्कम पाठवण्याची मुभा म्हणजे तेथे मालकी मिळण्याची हमी नव्हे. शिवाय निवासी करदात्याला परदेशातील मालमत्ता प्राप्तिकर विवरणपत्रात दाखवावी लागते. जी मालमत्ता दुसऱ्याच्याच नावावर आहे, ती कोणत्या रकान्यात दाखवणार?

परक्या पैशाचे योग्य स्थान

मग बाहेरच्या पैशाने अशा गावाकडे फिरकूच नये काय? वाए रेबोचा इतिहास वेगळे सांगतो. २००८ च्या सुमारास सातपैकी केवळ चार घरे उरली होती आणि नवे घर उभारण्याची विद्या जाणत्या वृद्धांबरोबर लोपण्याची भीती होती. जकार्ताचे वास्तुरचनाकार योरी अंतार आपल्या तरुण सहकाऱ्यांसह त्या वर्षी तेथे पोहोचले. पुढे दात्यांचा निधी उभा राहिला, पण बांधकाम गावकऱ्यांनीच केले. वृद्धांनी शिकवले, तरुणांनी हात लावले आणि जुन्या घराची बांधणी उलगडताना तिची नोंदही झाली. काही वर्षांतच सातही घरे पुन्हा उभी राहिली. २०१२ मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत वारसा पुरस्कारांतील सर्वोच्च सन्मान या कार्यास मिळाला आणि २०१३ च्या आगा खान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीतही त्याचा समावेश झाला.

या व्यवहारात पैसा देणाऱ्याच्या नावावर एक चौरस फूटही जमीन झाली नाही. तरीही ती गुंतवणूक सफल झाली. कारण तिच्यातून घर, विद्या आणि उत्पन्न या तिन्ही गोष्टी निर्माण झाल्या आणि तिन्ही गावाच्या ताळेबंदात जमा झाल्या. आज पाहुणे त्या घरांपैकी एकात चटईवर झोपतात, गावाने रांधलेले जेवतात आणि ठरलेले शुल्क गावाच्या संस्थेकडे देतात.

यावर रास्त आक्षेप असा की, दान म्हणजे गुंतवणूक नव्हे आणि केवळ दानावर गावे जगत नाहीत. डोंगरी गावांना भांडवल हवेच. ते नसेल तर तरुण शहराची वाट धरतात. वाए रेबोतील मुलांनाही शाळेसाठी डोंगराखालच्या कोम्बो वस्तीत राहावे लागले आहे. आक्षेप खरा आहे. परंतु भांडवल परदेशातूनच आले पाहिजे हे गृहीतक मात्र खरे नाही. बँक राक्यात इंडोनेशियाच्या ग्रामीण शाखांचा अनुभव बँकिंगच्या अभ्यासकांना परिचित आहे. अनुदानित पीककर्जाची योजना डबघाईस आल्यावर या शाखांनी १९८४ पासून व्यापारी तत्त्वावर छोटी कर्जे देण्यास आरंभ केला आणि पाठोपाठ खेडुतांसाठी हवी तेव्हा रक्कम काढता येणारी बचत योजना आणली. ठेवींचा ओघ एवढा वाढला की त्या कर्जांनाही मागे टाकू लागल्या. १९९७-९८ च्या आर्थिक संकटात मोठमोठ्या बँका कोसळत असताना या ग्रामीण शाखा तगून राहिल्या. खेड्यात पैसा नसतो, हा समज त्यांनी खोटा ठरवला. खेड्यात बहुधा पैशापेक्षा विश्वासार्ह तिजोरी आणि सुलभ पत यांची उणीव असते.

जावे, राहावे, परतावे

म्हणूनच अशा गावाशी सामान्य भारतीय ग्राहकाचे नाते प्रवाशाचे असावे, मालकाचे नव्हे. प्रवासी म्हणून जाण्यास मार्ग सुकर आहे. भारतीय पारपत्रधारकाला इंडोनेशियात आगमनाच्या वेळी ३० दिवसांचा आणि एकदा वाढवता येणारा व्हिसा मिळतो. त्यावर नोकरी वा काम करता येत नाही. नोव्हेंबर ते मार्च हे पावसाचे महिने टाळल्यास चढण सोपी जाते. मात्र नोव्हेंबरमध्येच 'पेंती' हा कृतज्ञतेचा वार्षिक उत्सव असतो, त्यामुळे तो पाहू इच्छिणाऱ्याने चिखलाची तयारी ठेवावी. डोंगरात एटीएम नाही, त्यामुळे रोख रक्कम लाबुआन बाजो येथेच काढून घ्यावी. प्रवास विमा अवश्य घ्यावा. नोव्हेंबर २०२४ मध्ये फ्लोरेसच्याच पूर्व भागातील लेवोतोबी ज्वालामुखीच्या उद्रेकाने बालीपर्यंतची विमाने रद्द झाली होती, हे स्मरणात ठेवावे. परतीच्या तारखेत दोन दिवसांची सवड राखणे हाही एक राखीव निधीच आहे.

आणि खर्च कोठे करावा? गावातील वाटाड्यासाठी, गावच्या मुक्कामासाठी, बायकांनी विणलेल्या 'सोंगके' वस्त्रासाठी, उतारावर पिकलेल्या कॉफीसाठी. घासाघीस न करता दिलेले हे पैसे थेट त्या घराच्या दुसऱ्या मजल्यावर पोहोचतात. पर्यटनाचे ओझेही असते : कचरा वाढतो आणि शेताकडे जाणारे हात चुलीपाशी अडकतात. आपला कचरा आपणच खाली आणणे, हे पाहुण्याचे किमान कर्तव्य आहे.

राहता राहिला ग्राहकाच्या स्वतःच्या बचतीचा प्रश्न. त्याचे उत्तरही त्याच घरात आहे. प्रवासाचा खर्च हा तळमजल्यावरचा. तो आनंदाने करावा. परंतु मुलांच्या शिक्षणाची रक्कम हे तिसऱ्या मजल्यावरचे बियाणे आहे आणि निवृत्तीची पुंजी हा चौथ्या मजल्यावरचा दुष्काळी साठा. परदेशातील डोंगरावरच्या, दुसऱ्याच्या नावावरच्या जमिनीसाठी त्या मजल्यांना शिडी लावू नये. वाए रेबोच्या माणसाला हे कोणी सांगावे लागत नाही. तेथे मुक्काम करून आलेल्या पाहुण्याने एवढा धडा बरोबर आणला, तरी प्रवासाचा खर्च व्याजासह वसूल झाला असे म्हणता येईल.