घोडा मक्तेदाराचा, मैदान कोणाचे?

शाळांच्या परीक्षा आटोपून सुट्टी लागली की नवी मुंबईच्या कोणत्या ना कोणत्या सेक्टरातील मैदानावर आनंदमेळा उभा राहतो, आणि दिवेलागणीला आकाशपाळणा, हवेने फुगवलेल्या घसरगुंड्या, बॅटरीवर चालणाऱ्या चिमुकल्या मोटारी व दुचाक्या, आणि क्वचित एखादे सजवलेले तट्टू यांच्याभोवती आईबापांचे बोट धरून आलेल्या मुलांची झुंबड उडते. गेल्या उन्हाळ्यात अशाच एका मेळ्यात मी माझ्या नातवाला घेऊन गेलो होतो. त्याला बॅटरीच्या दुचाकीवर बसायचे होते. आमच्या पुढे बसलेल्या मुलाचे पाय धड जमिनीला टेकत नव्हते, डोक्यावर हेल्मेट नव्हते, वळणावर उभ्या असलेल्या लोखंडी खांबाला साधी गादीही गुंडाळलेली नव्हती, आणि गाडी सुरू करून देणारा पोरगा स्वतःच फार तर चौदा-पंधरा वर्षांचा असावा. हातातले तिकीट सहज उलटून पाहिले, तो मागे बारीक अक्षरांत छापले होते की, येथे होणाऱ्या कोणत्याही दुखापतीस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही. नातवाची समजूत घालून त्याला परत आणले. पण ते वाक्य मात्र मनातून गेले नाही.

ज्याने जागा मांडली, दिवे लावले, संगीत वाजवून मुलाला हाक मारली आणि त्याच्या बापाकडून पैसे घेतले, त्याने त्याच कागदाच्या पाठीवर आपली जबाबदारी झटकून टाकावी, आणि आपण सुशिक्षित म्हणवणाऱ्या नागरिकांनी तो कागद निमूटपणे खिशात घालावा, ही गोष्ट न्यायाला व माणुसकीला सारखीच विसंगत आहे.

हा केवळ कल्पनेतला धोका नाही. २०१८ च्या जानेवारीत दक्षिण मुंबईतील कूपरेज बँडस्टँड उद्यानात हौसेची रपेट करताना एक सहा वर्षांची मुलगी घोड्यावरून पडली आणि प्राणास मुकली. उद्यान सार्वजनिक, वेळ फिरायला येणाऱ्यांच्या गर्दीची, आणि घोड्यावर बसणे ही तेथील मुलांच्या दृष्टीने नित्याची मौज. त्याच्या सुमारे अडीच वर्षे आधी, २०१५ च्या जूनमध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने निव्वळ हौसेखातर धावणाऱ्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदेशीर ठरवल्या होत्या. त्या निकालाच्या मुळाशी मुक्या जनावराविषयीची करुणा होती आणि ती योग्यच होती. परंतु त्या जनावराच्या पाठीवर बसणाऱ्या बालकाच्या रक्षणाचा विचार आपल्या नगरव्यवस्थेने तितक्याच कळकळीने केला असता, तर कदाचित एका घरातील दिवा विझला नसता.

असा अपघात झाला की पोलिसांचा हात प्रथम लगाम धरणाऱ्या माणसापर्यंत पोचतो. त्याच्यावर हयगयीने मृत्यू घडवल्याचा गुन्हा दाखल होतो, पंचनामा होतो, आणि लोकांचा क्षोभ शांत होतो. त्या माणसाचा कसूर असेल तर त्याला शिक्षा झालीच पाहिजे; पण बहुधा तो रोजंदारीवर राबणारा गरीब असतो, आणि पीडित कुटुंबाला नुकसानभरपाई देण्याची ऐपत त्याच्यात नसते. त्याच्यावर मक्तेदार असतो, आणि मक्तेदाराच्याही वर जागेचा मालक असतो, ज्याच्या परवान्यावाचून तेथे एक खुंटीही ठोकता येत नाही. नवी मुंबईत तर हा प्रश्न अधिकच स्पष्ट आहे. कारण १९७० साली स्थापन झालेल्या सिडकोने आखलेल्या या शहरातील बहुतेक मैदाने व उद्याने सिडकोची किंवा महानगरपालिकेची, म्हणजे अखेर आपल्या सर्वांच्या मालकीची आहेत. भाडे घेताना जो मालक असतो, तो अपघाताच्या वेळी परका कसा होऊ शकतो?

जागेचा ताबा असणाऱ्याने तेथे येणाऱ्यांच्या सुरक्षिततेची काळजी घेतली पाहिजे, आणि येणारे मूल असेल तर ही काळजी अधिक कसोशीची हवी, हे तत्त्व जुने आहे. ग्लासगो शहराच्या उद्यानात सात वर्षांच्या एका मुलाने झुडपावरची चेरीसारखी दिसणारी फळे खाल्ली. ती विषारी निघाली आणि मूल दगावले. बापाने नगरपालिकेवर दावा लावला, तेव्हा १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायपीठाने तो दावा चालण्यास पात्र ठरवला. कारण प्रौढाला जे झुडूप वाटते ते बालकाच्या दृष्टीने आमिष असते, आणि आमिष मांडणाऱ्याने बालकाच्या अजाणपणाचा विचार आधीच केला पाहिजे. पुढे १९५७ च्या इंग्लंडमधील कायद्यात मुले मोठ्यांपेक्षा कमी सावध असणार हे जागेच्या ताबेदाराने गृहीत धरावे, असे स्पष्ट कलमच घातले गेले.

आपल्याकडे या विषयावर असा स्वतंत्र कायदा नाही, परंतु आपली न्यायालये या तत्त्वाला अपरिचित नाहीत. १९९५ च्या मे महिन्यात पठाणकोटजवळच्या एका शाळेची सहल बियास नदीवर गेली असता चौदा मुले बुडाली. शिक्षकांच्या हयगयीचे उत्तरदायित्व आपल्यावर येत नाही, अशी कैफियत शाळेने मांडून पाहिली. परंतु २००१ साली सर्वोच्च न्यायालयाने ती अमान्य केली आणि प्रत्येक मुलामागे पाच लाख रुपयांची भरपाई कायम केली. मूल ज्याच्या हवाली केले जाते, त्याला आपल्या नोकराच्या आड लपता येत नाही, हा त्या निर्णयाचा इत्यर्थ आहे. तोच न्याय मैदानाला, उद्यानाला आणि घोड्याच्या रपेटीला लागू करण्यात कोणती अडचण आहे?

आता त्या तिकिटामागच्या वाक्याचा विचार करू. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे अज्ञान, म्हणजे अल्पवयीन, व्यक्तीला करार करण्याची पात्रता नाही, आणि अज्ञानाने केलेला करार मुळातच शून्यवत होय, हे ब्रिटिश काळातील सर्वोच्च अपील न्यायपीठ असलेल्या प्रिव्ही कौन्सिलने १९०३ साली मोहरीबीबीच्या प्रसिद्ध खटल्यात निर्विवादपणे सांगितले आहे. ज्या मुलाला आपले नावही धड लिहिता येत नाही, त्याने एका छापील ओळीने आपल्या हातापायांवरचा हक्क सोडून दिला असे म्हणणे हास्यास्पदही नव्हे, क्रूर आहे. आणि बापाने तिकीट घेतले म्हणून मुलाचा हक्क बापाने विकला, असेही होत नाही. पालक हा मुलाच्या हिताचा विश्वस्त असतो, त्याच्या जिवाचा मालक नसतो.

यावर नेहमी एक प्रश्न विचारला जातो की, आईबापांचे लक्ष कोठे होते? हा प्रश्न सर्वस्वी गैरलागू नाही, कारण मुलाला कोठे बसवावे आणि कोठून परत फिरवावे हे ठरवण्याचे पहिले कर्तव्य घरच्यांचेच आहे. पण घोडा बुजरा आहे काय, खोगिराचा पट्टा झिजला आहे काय, यंत्राचा ब्रेक लागतो काय, हे कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या आईला कळावे कसे? जे ज्ञान ज्याच्यापाशी असते, त्याचे दायित्वही त्याच्याच माथी असते. दुसरा आक्षेप असा की, इतकी बंधने घातली तर मुलांनी खेळायचे तरी कोठे? मुलांनी पडावे, गुडघे फोडून घ्यावेत, पुन्हा उठावे, हे मलाही मान्य आहे. बालपण त्यावाचून पुरे होत नाही. परंतु गुडघा फुटणे आणि कवटी फुटणे यांतील अंतर म्हणजे एक हेल्मेट, एक गादी आणि एक जबाबदार माणूस एवढेच असते.

आणखी एका गोष्टीकडे मी वाचकांचे विशेष लक्ष वेधतो. १९६३ च्या मुदतीच्या कायद्याने अज्ञान मुलाला सवलत दिली आहे: तो सज्ञान होईपर्यंत दाव्याची मुदत सुरू होत नाही, आणि त्यानंतर त्याला तीन वर्षांपर्यंत दिवाणी न्यायालयात जाता येते. सहाव्या वर्षी अधू झालेले मूल एकविसाव्या वर्षापर्यंत न्याय मागू शकते. पण तोवर मेळा उठलेला असतो, मक्तेदार बदललेला असतो, तट्टू मेलेले असते आणि कागद वाळवीने खाल्लेले असतात. हक्क कायद्याने दिला आणि पुरावा काळाने नेला, अशी ही स्थिती आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. सार्वजनिक भूमीवर मुलांसाठी कोणतीही रपेट किंवा यांत्रिक खेळ चालवण्याचा परवाना देताना विमा सक्तीचा असावा. परवान्याची मुदत, मक्तेदाराचे नाव आणि यंत्राच्या शेवटच्या तपासणीची तारीख दर्शनी फलकावर मराठीत लिहिलेली असावी. अशा खेळांच्या सुरक्षिततेसाठी भारतीय मानक ब्यूरोचे मानक आहे, त्याचे पालन ही परवान्याची अट असावी. आणि लहानसहान इजेचीही नोंद करणारे अपघात-दप्तर पालिकेच्या कचेरीत किमान एकवीस वर्षे जपले जावे. यातील एकाही गोष्टीसाठी पालिकेला मोठा खर्च नाही. आणि अशी साधी काळजी न घेतल्याची किंमत काय असते, हे आपण पाहिले आहे. २०२४ च्या मार्चमध्ये मुंबईत वडाळ्याच्या महर्षी कर्वे उद्यानातील पाण्याच्या टाकीत पडून दोन चिमुकल्या भावांचा अंत झाला आणि उच्च न्यायालयाला त्याची स्वतःहून दखल घ्यावी लागली. टाकीवर एक भक्कम झाकण असते, तर ती वेळच आली नसती.

वाचकांना माझी विनंती आहे की, येत्या सुट्टीत मुलाला पाळण्यात किंवा घोड्यावर बसवण्यापूर्वी परवाना पाहायला मागा. तो दाखवला नाही, तर मुलाला घेऊन परत फिरा आणि दुसऱ्या दिवशी प्रभाग कार्यालयात लेखी अर्ज देऊन त्याची पोच घ्या.