बोल्डरच्या उन्हात यवतमाळचं घर

मंडळी, आज जरा चिडून लिहितोय. ज्या नातेवाइकांची बांधकामं सध्या चालू आहेत त्यांनी मनाला लावून घेऊ नये. (घेतलंत तरी चालेल, पण पुढे वाचा.)

यवतमाळात दारव्हा रोडला जा नाहीतर आर्णी रोडला, नव्या बंगल्यांच्या कपाळावर तेच ते मोल्डिंग. कारण सोपं आहे. स्केचअपच्या थ्रीडी वेअरहाऊसमधून आयतं प्रोफाइल उतरवायचं, भिंतीची कड निवडायची आणि 'फॉलो मी' दाबायचं. प्रोफाइल कडेकडेने फिरतं, कोपरेही आपोआप जुळतात. पाच मिनिटांत घर नटतं!

त्या टूलवर माझा राग नाही. सुताराचा रंधा तरी वेगळं काय करतो? पात्याचा आकार लाकडावर लांबवर ओढतो. राग आहे तो प्रोफाइल उघडून न बघण्यावर. त्यातला पुढे आलेला ओठ पावसाचं पाणी भिंतीपासून लांब टाकण्यासाठी असतो. ओठाच्या खालच्या अंगाला बोटभर खाच ठेवली की थेंब तिथेच तुटून पडतो. नाही ठेवली, तर तो उलटा चालत भिंतीवर येतो. आपण उतरवतो ते बऱ्याचदा क्राउन मोल्डिंग, म्हणजे खोलीच्या आत भिंत आणि छत भेटतात तिथलं. त्याला पाऊस कशाला ठाऊक असणार? ते बाहेर चिकटवायचं आणि दोन पावसाळ्यांत काळे ओघळ आले की रंगवाल्याला शिव्या घालायच्या.

उन्हाचंही तेच. स्केचअप 2000 साली कोलोरॅडोतल्या बोल्डरच्या कंपनीने काढलं. पुढे ते 2006 मध्ये गूगलकडे आणि 2012 मध्ये ट्रिंबलकडे गेलं. गावाची जागा भरली नाही की मॉडेलवर ऊन पडायचं ते बोल्डरचं, म्हणजे 40 अक्षांशावरचं. यवतमाळ विसाच्या जरा वर. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत आपल्याकडे भर दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो, बोल्डरात तो दुपारी तिकडे कधीच जात नाही. म्हणजे स्क्रीनवर दक्षिणेच्या भिंतीवरची जी ऊन-सावली बघून तुम्ही भाळलात, ती त्या दुपारी इथे पडणारच नाही. जागा भरायला मिनिटही लागत नाही हो!

आणि प्रोफाइल उसनं आणायची वेळ तरी का यावी? लोहाऱ्याचं हेमाडपंती देऊळ गावाला लागून आहे. खुर, कुंभ, कलश, कपोताली... भिंतीच्या एकेका थराला आपल्या शिल्पशास्त्रात नाव आहे. तेवढंही नको असेल तर आजोबांच्या घराची सागवानी चौकट बघा. मऊ तार तिच्यावर दाबायची, तार कागदावर ठेवून पेन्सिल फिरवायची, कागद स्कॅन करायचा. झालं प्रोफाइल. जुनी चौकट भंगारात देण्याआधी एवढं तरी करा.

असो. ज्यांचा स्लॅब अजून पडायचा आहे त्यांनी ड्रॉइंग पाठवा. ओठाखालची खाच मी काढून देतो, फुकट. दिवाळीनंतर पाठवलंत तर मात्र उपयोग नाही, गवंडी कामाला लागलेला असेल.