लेबलवर गावाचं नाव येऊ द्या

‘मेड इन यूएसए’, म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन! उल्हासनगरचा माल परदेशी म्हणून खपवला जातो, असं सुचवणारी ही जुनी कोटी बदलापूर, अंबरनाथच्या लोकलमध्ये आजही ऐकू येते. मला तिचं हसू येत नाही. ती एका अख्ख्या समाजावर लबाडीचा शिक्का मारते. परदेशी नाव असल्याशिवाय मालाला हात न लावणारं गिऱ्हाईक मात्र नामानिराळं राहतं.

फाळणीत सिंध सुटलेली कुटुंबं कल्याणजवळच्या लष्करी छावणीतल्या बराकींत राहिली. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिथे कोनशिला बसवली आणि छावणीचं उल्हासनगर झालं. फर्निचर आणि जीन्सचे इथले बाजार याच निर्वासितांच्या कष्टांतून उभे राहिले. असं कसब असलेल्या गावाने दुसऱ्याचं नाव का लावावं?

‘मेड इन’पुढे माल जिथे तयार झाला त्याच देशाचं किंवा ठिकाणाचं नाव यायला हवं. कापड बाहेरचं आणि शिलाई इथली असेल, तर तेही स्पष्ट लिहावं. १९९९च्या ट्रेड मार्क्स कायद्यात मालाच्या उगमस्थानाचं खोटं वर्णन हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. २०११च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार वेष्टनावर उत्पादकाचं नाव-पत्ता आणि आयात मालावर मूळ देश छापावाच लागतो. हा पत्ता गिऱ्हाइकाच्या हक्काचा आहे. माल खराब निघाला तर दाद मागायला तो हवाच.

खरं नाव लावण्यात उत्पादकाचाही फायदा असतो. ब्रिटनने १८८७ साली कायदा करून, ब्रिटिश वाटेल असं नाव किंवा चिन्ह असलेल्या परदेशी मालावर मूळ देशाचं नाव लिहायला लावलं. जर्मन माल हलका, तो लोकांनी ओळखून टाळावा, हा त्यामागचा एक हेतू होता. जर्मन कारखानदारांनी दर्जा सुधारला आणि काही वर्षांतच ‘मेड इन जर्मनी’ हीच मालाची शिफारस ठरली.

उल्हासनगरच्या कारखानदारांनी हेच करावं. लेबलवर ‘मेड इन उल्हासनगर, इंडिया’ ठळक छापावं आणि मालाची हमी द्यावी. आपणही दुकानात ‘बाहेरचा आहे का?’ असं विचारण्याऐवजी ‘कोणी बनवला, कुठे बनवला?’ असं विचारावं. खऱ्या पत्त्याचा माल आपण विकत घेऊ लागलो, की खोटं लेबल लावण्यात कोणाचाच फायदा उरणार नाही.