रायफलीचा करार २०१९ चा, रात्रीच्या दुर्बिणीचा २०२५ चा : मुदखेड-चाकूरच्या पोरांनी यातून काय घ्यायचं?

नांदेड/लातूर : मुदखेडला सीआरपीएफचं ट्रेनिंग कॉलेज आहे, लातूरला सीआरपीएफचंच भरती प्रशिक्षण केंद्र आणि चाकूरला बीएसएफचं. पहाटे पाचला अहमदपूर, मुखेड, कंधारच्या रस्त्यांवर पळणारी पोरं रोज दिसतात. कुणाला अग्निवीर व्हायचंय, कुणाला निमलष्करी दलात जायचंय. त्यामुळे दिल्लीत बंदुकीच्या साध्या दुर्बिणीचा करार झाला तरी तो आपल्या तालुक्याचा विषय असतो. कारण ती दुर्बीण शेवटी आपल्याच कुणाच्या तरी पोराच्या डोळ्याला लागणार असते.

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी संरक्षण मंत्रालयाने लष्कराच्या एसआयजी ७१६ या रायफलीसाठी नाइट साइट, म्हणजे रात्री नेम धरण्याची दुर्बीण, घ्यायचा करार केला. रक्कम ६५९.४७ कोटी रुपये. कंत्राट एमकेयू लिमिटेड आणि मेडबिट टेक्नॉलॉजीज या देशी कंपन्यांच्या गटाला मिळालं. नुसत्या चांदण्यांच्या उजेडात ५०० मीटरपर्यंत काम करील अशी ही दुर्बीण असल्याचं मंत्रालय सांगतं. बातमी चांगलीच आहे. पण याच रायफलीचा पहिला करार झाला होता फेब्रुवारी २०१९ मध्ये, ७२ हजार ४०० नगांचा. ऑगस्ट २०२४ मध्ये आणखी ७३ हजारांची मागणी गेली. म्हणजे रायफलीच्या पहिल्या करारानंतर या दुर्बिणीच्या सहीला साडेसहा वर्षं लागली.

दुर्बीण नसली तर काय अडतं?

रायफलीवर मुळात लोखंडी साइट असते. मागे एक छिद्र, पुढे नळीच्या टोकाला माशी. छिद्र, माशी आणि समोरचं लक्ष्य, या तीन गोष्टी एका ओळीत आणायच्या. अडचण अशी की माणसाचा डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट बघतो. माशी नीट दिसली की लक्ष्य धूसर होतं. दिवसा, सरावाने हे जमून जातं. अंधारात ना माशी दिसते, ना लक्ष्य.

जुनी इन्सास रायफल ५.५६ मिमीची, साधारण ४०० मीटरच्या हिशेबाने बनवलेली. एसआयजी ७१६ ही ७.६२ बाय ५१ मिमीची, पल्ला ६०० मीटरच्या आसपास. पल्ला वाढवला, पैसे मोजले. पण रात्री तेवढ्या लांबचं दिसलंच नाही तर वाढलेला पल्ला कागदावरच राहतो. मोठा ट्रॅक्टर घेतला आणि हेडलाइट नंतर बघू म्हटलं, तसलाच प्रकार. मधल्या काळात जवान अगदी आंधळे होते असं नाही. लष्कराकडे आधीच्या पॅसिव्ह नाइट साइट होत्या. नवी दुर्बीण त्यांच्यापेक्षा बरीच सरस आहे, असं सरकारचंच म्हणणं आहे.

कामानुसार दुर्बीण

टपरीवर चर्चा ऐकली तर वाटतं, जितकी मोठी करून दाखवणारी दुर्बीण तितकी भारी. तसं नाही.

घरात, गल्लीत, दाट झाडीत काम असेल तर रेड डॉट साइट. काचेत एक लाल ठिपका दिसतो, लक्ष्य मोठं होत नाही. दोन्ही डोळे उघडे ठेवून झटकन नेम धरता येतो, आजूबाजूचंही दिसत राहतं. शंभर-दोनशे मीटरच्या कामाला ही पुरते.

उघड्या मैदानात, डोंगरावर, सीमेवर लांबचं ओळखायचं असेल तर मोठं करून दाखवणारी दुर्बीण लागते. पण तिच्यात बघण्याचा पट्टा लहान होतो, वजन वाढतं आणि डोळा ठरावीक अंतरावरच ठेवावा लागतो. ७.६२ च्या रायफलीचा धक्का जोरदार. डोळा फार जवळ नेला तर दुर्बिणीची कड भुवईवर बसते.

रात्रीसाठी दोन प्रकार. एक, असलेला थोडासा उजेड कित्येक पटींनी वाढवणारी इमेज इंटेन्सिफायर. नवा करार याच प्रकारचा आहे. दुसरी थर्मल, जी अंगाची उष्णता टिपते. थर्मलला उजेड लागत नाही, झुडपामागचा माणूसही ती बऱ्याचदा दाखवते. पण तो माणूस आपला की परका, हे तिच्यातून ओळखणं अवघड जातं. इंटेन्सिफायरमध्ये चेहरामोहरा, कपडे, हत्यार बरं ओळखू येतं, मात्र मिट्ट काळोखात आणि दाट धुक्यात ती मार खाते. एकच दुर्बीण सगळ्या कामाला, असं होत नाही.

खरी गोम बसवण्यात

चांगली दुर्बीण घेतली आणि कशीही बसवली, तर ती लोखंडी साइटपेक्षा वाईट. आता बहुतेक नव्या रायफलींवर पाठीवर खाचांची पट्टी येते, तिला पिकॅटिनी रेल म्हणतात. अमेरिकेच्या लष्कराने १९९५ मध्ये हे माप ठरवलं आणि जगभर तेच चाललं. अमेठीजवळ कोरवा इथे भारत-रशिया भागीदारीत बनणाऱ्या एके-२०३ वरही ही रेल आहे. त्यामुळे कुठल्याही कंपनीची दुर्बीण बसते. पण बसणं वेगळं आणि घट्ट राहणं वेगळं.

हिशेब करून बघा. दुर्बिणीच्या पुढच्या आणि मागच्या पकडीत १० सेंटिमीटर अंतर धरू. धक्क्याने एक बाजू मिलिमीटरचा फक्त दहावा भाग सरकली, तर १०० मीटरवर गोळी १० सेंटिमीटर बाजूला जाते आणि ५०० मीटरवर अर्धा मीटर. अर्धा मीटर म्हणजे माणसाच्या खांद्याची रुंदी. नेम बरोबर, घोडा बरोबर दाबला, तरी गोळी हुकली. म्हणून स्क्रू हाताच्या अंदाजाने न आवळता मोजून जोर देणाऱ्या पान्याने आवळतात आणि त्यावर रंगाची बारीक रेघ मारतात. रेघ तुटलेली दिसली की समजायचं, स्क्रू हलला.

मग येतं झिरोइंग. दुर्बीण नळीच्या सहा-सात सेंटिमीटर वर बसते, गोळी मात्र नळीतून सुटते. या दोन रेषा कुठल्या अंतरावर मिळवायच्या हे आधी ठरवावं लागतं. आधी ग्रुपिंग, म्हणजे एकाच जागी नेम धरून गोळ्या एका घोळक्यात पाडायच्या. मग तो घोळका मधोमध आणण्यासाठी दुर्बिणीची चक्री फिरवायची. बऱ्याच दुर्बिणींत एक क्लिक म्हणजे १०० मीटरवर सुमारे ७ मिलिमीटर. घोळकाच नीट नसेल तर चक्री फिरवून काही उपयोग नाही, कारण चूक दुर्बिणीत नसून हातात असते. दुर्बीण काढून परत लावली, रायफल पडली, की तपासणी पुन्हा.

वेपन ट्रेनिंगच्या हिंदीत नेम धरण्याला ‘शिस्त लेना’ म्हणतात. मराठी माणसाला हा शब्द ऐकून गंमत वाटते, पण काम खरोखर शिस्तीचंच आहे.

प्रश्न विचारायचे ते असे

अग्निपथ योजना जून २०२२ मध्ये आली. चार वर्षांची सेवा, त्यातच प्रशिक्षण, आणि पुढे जास्तीत जास्त २५ टक्के कायम. एवढ्या मुदतीत पोराच्या हातात आधुनिक दुर्बीण कधी येते, हे महत्त्वाचं आहे. युनिटमध्ये पोहोचल्यावर पहिल्यांदा बघणार असेल तर शिकण्यातच बराच काळ जाणार.

म्हणून पहिला मुद्दा : रायफल, दुर्बीण, तिची पकड आणि बॅटरी ही एकच वस्तू समजून एकाच करारात घ्यायला हवी. २०१९ ची रायफल खरेदी तातडीच्या प्रक्रियेतून झाली होती. मग तिची रात्रीची नजर तातडीची का नव्हती?

दुसरा : दुर्बिणीबरोबर सरावाच्या गोळ्याही वाढल्या पाहिजेत. झिरोइंग वाचून येत नाही.

तिसरा : हा करार लष्करापुरता आहे. आपल्याकडची केंद्रं ज्या दलांची आहेत, ती सीआरपीएफ आणि बीएसएफ गृह मंत्रालयाखाली येतात. जंगलात आणि सीमेवर रात्री तीही उभी असतात. त्यांच्या दुर्बिणींची विचारणा आपल्या खासदारांनी संसदेत करायला काय हरकत आहे?

गावातल्यांसाठी दोन शब्द

किनवट, माहूर, हदगाव पट्ट्यात रोही आणि रानडुकरांनी शेतकरी बेजार आहे, हे खरं. पण ऑनलाइन दुर्बीण मागवून बंदुकीवर चढवणं हा त्यावरचा उपाय नाही. या जातीच्या सेमी-ऑटोमॅटिक रायफली साध्या परवान्यावर मिळतच नाहीत. शस्त्र कायद्यात पीकरक्षणासाठी तोंडाने भरायच्या बंदुकीची तरतूद आहे, तीही परवान्यावरच. आणि वन विभागाची परवानगी नसताना जनावर मारलं तर वन्यजीव कायद्याचा गुन्हा दाखल होतो. शिवाय रात्री दुर्बिणीत हलणारी सावली जनावराची की पाणी द्यायला निघालेल्या शेजाऱ्याची, ही चूक परत घेता येत नाही.

आणि पहाटे पळणाऱ्या पोरांनो, एक लक्षात ठेवा. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये ४५१.४ गुणांनी कांस्य जिंकलं. त्या खेळात मोठं करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. नुसतं छिद्र, पुढची कडी आणि श्वासावरचा ताबा. दुर्बीण मिळेल तेव्हा मिळेल. श्वास रोखून हळूच घोडा दाबणं आजपासून शिकता येतं, त्याला कुठल्या कराराची वाट बघावी लागत नाही.